एटीआरवर सरकणारा ट्रेलिंग स्टॉप लॉस: नाशिकच्या नव्या ट्रेडरसाठी पायरी-पायरीने

नवीन डीमॅट खातं उघडलं की पहिला सल्ला बहुतेक हाच मिळतो: "घेतलेल्या भावाच्या पाच टक्के खाली स्टॉप लॉस लाव आणि निवांत राहा." स्टॉप लॉस म्हणजे भाव इतका पडला की शेअर विकायचाच, असा आधीच लावून ठेवलेला भाव. पण हे पाच टक्के आले कुठून, असं विचारलं तर कुणाकडेच उत्तर नसतं. एखादा शेअर एका दिवसात चार-साडेचार टक्के सहज वरखाली होतो. त्याच्यासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम एका दिवसाची हालचाल. दुसरा एखादा शेअर दिवसाला एक टक्काही हलत नाही. तो पाच टक्के पडेपर्यंत काहीतरी बिनसल्याचं आठवडाभर आधीच कळायला हवं होतं. दोघांना एकच पट्टी लावली तर पहिल्यात उगाच बाहेर फेकले जाता आणि दुसऱ्यात गरजेपेक्षा जास्त गमावता.

गोदाघाटावर दुकान मांडणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात तो पाण्यापासून दोन पायऱ्या वर बसला तरी चालतं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की तोच माणूस पुराची पातळी सांगणाऱ्या दुतोंड्या मारुतीकडे बघून सामान कितीतरी मागे नेतो. नदी तीच, दुकान तेच; अंतर पाण्याच्या चढउताराप्रमाणे बदलतं. स्टॉप लॉसचं अंतरही असंच शेअरच्या स्वतःच्या चढउतारावरून ठरवायचं (तो मोजणारा आकडा म्हणजे एटीआर), आणि भाव वर गेला की स्टॉप त्याच्यामागे वर सरकवत न्यायचा. यालाच ट्रेलिंग म्हणतात.

लेख डिलिव्हरीत शेअर घेऊन काही आठवडे ते काही महिने ठेवणाऱ्यांसाठी आहे. सातपूर-अंबडला पाळीत काम करणारे, दुकान सांभाळणारे, शाळेत शिकवणारे, म्हणजे सव्वानऊ ते साडेतीन मोबाइल हातात धरून बसू न शकणारे लोक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. रोज संध्याकाळची दहा मिनिटं पुरतात. फ्युचर्स-ऑप्शन्स इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत त्या बाजारातल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. शिकण्याची सुरुवात तिथून करू नये.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- चालू डीमॅट आणि ट्रेडिंग खातं. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचेच हवेत, एजंटचे नकोत.
- डीडीपीआय दिलेलं असणं, म्हणजे शेअर विकताना ते डीमॅटमधून काढून द्यायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी. ती का लागते ते सहाव्या पायरीत येईल. हे काम आजच मार्गी लावा, कारण कागद मंजूर व्हायला काही दिवस जातात.
- ब्रोकरच्या अॅपवरचा किंवा ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवरचा रोजच्या कॅन्डलचा चार्ट. कॅन्डल म्हणजे ठरावीक वेळेतले उघडण्याचा, बंद, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे चार भाव दाखवणारी उभी पट्टी.
- एक वही किंवा गूगल शीट. रकाने असे: तारीख, बंद भाव, एटीआर, घेतल्यापासूनचा सर्वोच्च बंद भाव, काढलेला स्टॉप, लावलेला स्टॉप.
- एकूण भांडवलाचा ठरलेला आकडा. "साधारण दोन लाख" नको. २,००,००० असा लिहून ठेवलेला.

१. आधी ट्रू रेंज समजून घ्या

एटीआर म्हणजे अॅव्हरेज ट्रू रेंज. जे. वेल्स वायल्डर यांनी १९७८ मध्ये ही मोजणी मांडली. ते मूळचे मेकॅनिकल इंजिनियर, आणि त्यांच्यासमोर मुख्यतः कमोडिटीचे बाजार होते, जिथे भाव रात्रीत उडी मारतात.

ही उडी नाशिक जिल्ह्यात कुणालाही सांगावी लागत नाही. लासलगावला शनिवारी कांद्याचा लिलाव ज्या भावाला थांबला, त्याच भावाला तो सोमवारी उघडेल असं नसतं. मधे निर्यातीचा एखादा निर्णय आला तर सोमवारचा पहिलाच पुकारा कुठल्या कुठे असतो. दिवसभरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव यांचं अंतर मोजलं तर ही रात्रीची उडी हिशेबातून सुटते. म्हणून ट्रू रेंज काढताना तीन अंतरं मोजतात आणि त्यातलं सर्वांत मोठं घेतात:

- आजचा उच्चांक आणि आजचा नीचांक यातलं अंतर
- आजचा उच्चांक आणि कालचा बंद भाव यातलं अंतर
- आजचा नीचांक आणि कालचा बंद भाव यातलं अंतर

समजा, काल शेअर ६५२ ला बंद झाला. आज त्याने ६७६ चा उच्चांक आणि ६६० चा नीचांक केला. पहिलं अंतर १६, दुसरं २४, तिसरं ८. ट्रू रेंज झाली २४ रुपये. नुसता आजचा दिवस बघितला असता तर १६ वाटली असती.

वायल्डर यांच्या पद्धतीत १४ दिवसांची सरासरी अशी पुढे नेतात: कालचा एटीआर गुणिले १३, त्यात आजची ट्रू रेंज मिळवा, १४ ने भागा. कालचा एटीआर १६ असेल तर २०८ अधिक २४ म्हणजे २३२, भागिले १४, म्हणजे १६.५७. मोठ्या उडीचा दिवस आला तरी एटीआर थोडाच वाढला, हे बघा. सावकाश सरकणं हा त्याचा गुण आहे आणि मर्यादाही. ती पुढे आडवी येणार आहे.

२. चार्टवर एटीआर लावा

आकडेमोड रोज हाताने करायची गरज नाही. इंडिकेटरच्या यादीत अॅव्हरेज ट्रू रेंज शोधा, कालावधी १४ ठेवा, कॅन्डल एका दिवसाची ठेवा. ट्रेडिंगव्ह्यूवर सरासरीचा प्रकार निवडायला मिळतो. तिथे आधीपासून असलेला आरएमए हाच वायल्डर यांचा प्रकार, तो बदलू नका. खाली दिसणारा आकडा रुपयांत असतो, टक्क्यांत नव्हे.

नवखे इथे हमखास चुकतात ते कॅन्डलच्या वेळेत. चार्ट १५ मिनिटांचा राहून जातो, एटीआर अडीच रुपये दिसतो, आणि महिनाभर ठेवायच्या शेअरला साडेसात रुपयांचा स्टॉप लागतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजायच्या आत तो उडतो. आकडा वहीत उतरवताना वरच्या कोपऱ्यात "१ दिवस" दिसतंय ना, हे दर वेळी बघा.

३. गुणक ठरवा

स्टॉपचं अंतर म्हणजे एटीआर गुणिले एक ठरावीक आकडा. काही आठवडे ठेवायच्या शेअरला ३ पासून सुरुवात करावी. शँडेलियर एक्झिट या प्रसिद्ध पद्धतीतही ३ हाच नेहमीचा गुणक आहे. तिथे २२ दिवसांच्या उच्चांकातून तीन एटीआर वजा करतात.

१ घेतला तर कसं होतं? एटीआर म्हणजे शेअरची एका दिवसाची सरासरी हालचाल. स्टॉप तेवढ्याच अंतरावर ठेवला तर एखादा साधा वाईट दिवसही तुम्हाला बाहेर काढेल. २ वर शांत, मोठ्या कंपन्यांचे शेअर टिकतात, बाकीचे वारंवार उडतात. ४ वर शेअर क्वचितच उडतो, पण उडतो तेव्हा नफ्यातला मोठा तुकडा परत दिलेला असतो.

चाळीस जुने चार्ट बघून "या शेअरला २.३५ बरोबर बसतो" असं शोधत बसू नका. तो आकडा त्या शेअरच्या मागच्या वर्षाला बसलेला असतो, पुढच्या वर्षाला नाही. सगळ्या शेअरना एकच गुणक लावा. शेअरचा स्वभाव एटीआरमध्ये आधीच आलेला आहे.

४. शेअरची संख्या स्टॉपवरून काढा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही पायरी घ्या. बहुतेक जण आधी "पन्नास हजारांचे घेतो" असं ठरवतात आणि मग स्टॉप कुठे लावायचा ते बघतात. क्रम उलटा हवा. आधी स्टॉपचं अंतर काढा, मग त्या अंतरात किती शेअर परवडतात ते बघा.

एका व्यवहारात भांडवलाच्या जास्तीत जास्त एक टक्का गमवायचा, असं धरू. २,००,००० च्या खात्यात तो २,००० रुपये होतो.

पहिला शेअर: भाव ६४०, एटीआर १६. तीन एटीआर म्हणजे ४८. स्टॉप ५९२ ला. २,००० भागिले ४८ म्हणजे ४१.६७, अपूर्णांक सोडून ४१ शेअर. गुंतवणूक २६,२४० रुपये. स्टॉप लागला तर तोटा ४१ गुणिले ४८, म्हणजे १,९६८.

दुसरा शेअर: भाव तोच ६४०, पण एटीआर ३२. अंतर ९६. स्टॉप ५४४ ला. २,००० भागिले ९६ म्हणजे २० शेअर. गुंतवणूक १२,८००, तोटा १,९२०.

दोन्हीकडे जाणारी रक्कम जवळपास सारखी. "स्टॉप इतका लांब? भीती वाटते," हे वाक्य नवख्यांकडून सारखं ऐकू येतं. लांबच्या स्टॉपची भीती वाटते ती संख्या कमी केलेली नसते म्हणून. स्टॉप जवळ ओढून भीती कमी होत नाही, फक्त स्टॉप उडण्याची संख्या वाढते. शेअर कमी घ्या, स्टॉपला त्याची जागा द्या.

उलट बाजूचा धोकाही आहे. भाव ४०० आणि एटीआर फक्त ५ असलेला शांत शेअर घ्या. अंतर १५, संख्या १३३, गुंतवणूक ५३,२००. हिशेब बरोबर, पण खात्याचा चौथ्या भागाहून जास्त पैसा एका कंपनीत गेला. त्या कंपनीबद्दल रात्रीतून वाईट बातमी आली तर भाव १५ रुपयांवर थांबत नाही. म्हणून दुसरी मर्यादा लावा: एका शेअरमध्ये भांडवलाच्या २० टक्क्यांहून जास्त नाही. इथे ४०,००० भागिले ४००, म्हणजे १०० शेअर. दोन्ही हिशेबांत जी संख्या कमी, ती घ्या.

आणि पाच व्यवहार एकदम उघडे असतील तर एक टक्का गुणिले पाच हा खरा धोका आहे. बाजार पडतो तेव्हा पाचही शेअर एकत्रच पडतात. त्यातले तीन एकाच क्षेत्रातले असतील, तर ते तीन वेगळे व्यवहार नाहीत, एकच मोठा व्यवहार आहे.

५. रोज संध्याकाळी स्टॉप सरकवा

नियम दोनच. घेतल्यापासूनच्या सर्वोच्च बंद भावातून तीन एटीआर वजा करा. आलेला आकडा कालच्या स्टॉपपेक्षा वर असेल तर स्टॉप तिथे न्या. खाली असेल तर कालचा स्टॉप जागचा हलवू नका.

बंद भावच का, उच्चांक का नाही? उच्चांकावरून मोजणारेही अनेक आहेत आणि ते चूक नाहीत. पण एखाद्या सकाळी दोन मिनिटांसाठी भाव झपकन वर जाऊन परत येतो. त्या एका टोकामुळे स्टॉप कायमचा वर जाऊन बसतो. दिवसाच्या शेवटी ठरलेला भाव जास्त भरवशाचा, म्हणून सुरुवातीला बंद भाव बरा.

मघाचाच ६४० ला घेतलेला पहिला शेअर सहा दिवस चालवून बघू. स्टॉप नेहमी पाच पैशांच्या पटीत, खालच्या बाजूला पूर्ण केला आहे.

| दिवस | बंद भाव | एटीआर | सर्वोच्च बंद | काढलेला स्टॉप | लावलेला स्टॉप |
|---|---|---|---|---|---|
| १ | ६४४ | १६.०० | ६४४ | ५९६.०० | ५९६.०० |
| २ | ६५२ | १६.०० | ६५२ | ६०४.०० | ६०४.०० |
| ३ | ६७२ | १६.५७ | ६७२ | ६२२.२५ | ६२२.२५ |
| ४ | ६४५ | १७.८२ | ६७२ | ६१८.५० | ६२२.२५ |
| ५ | ६६६ | १८.३३ | ६७२ | ६१७.०० | ६२२.२५ |
| ६ | ६९० | १९.०२ | ६९० | ६३२.९० | ६३२.९० |

चौथा दिवस नीट बघा. शेअर २७ रुपये पडला, एटीआर वाढला, आणि काढलेला स्टॉप ६१८.५० वर म्हणजे खाली आला. इथे हात थरथरतो. "एटीआरच सांगतोय ना खाली घ्यायला" असं मन म्हणतं. घ्यायचा नाही. स्टॉप ६२२.२५ वरच राहतो. एकदा खाली सरकवला की तो स्टॉप राहिला नाही, नुसती इच्छा राहिली. पाच टक्क्यांचा सरधोपट स्टॉप मात्र ६७२ वरून ६३८.४० ला बसला असता. चौथ्या दिवशीचा नीचांक ६४० होता; म्हणजे तो स्टॉप दीड-दोन रुपयांनी कसाबसा वाचला असता.

आणखी एक गोष्ट या तक्त्यात दिसते. सहाव्या दिवशी शेअर ५० रुपये वर आहे, पण स्टॉप अजून ६४० च्या खालीच. नवखा इथे घाई करून स्टॉप खरेदीच्या भावावर आणून ठेवतो, "निदान तोटा तरी नको" म्हणून. शेअरला तुमची खरेदी कोणत्या भावाला झाली हे माहीत नसतं. ६४० या आकड्याला बाजारात काहीच अर्थ नाही, तो फक्त तुमच्या वहीत महत्त्वाचा आहे. एटीआर १९ च्या आसपास राहिला तर बंद भाव साधारण ६९७ झाल्यावर स्टॉप आपोआप ६४० ओलांडेल. तोवर थांबा.

६. ऑर्डर कशी टाकायची

हिशेब शिकलेले लोकही या पायरीला पैसे घालवतात, म्हणून सावकाश वाचा.

साध्या स्टॉप लॉस ऑर्डरला दोन भाव असतात. ट्रिगर प्राइस आली की ऑर्डर जागी होते. लिमिट प्राइस म्हणजे त्याहून खाली विकायचं नाही असा भाव. या ऑर्डरची मुदत त्याच दिवसापुरती. साडेतीनला ती रद्द होते, दुसऱ्या सकाळी पुन्हा टाकावी लागते. एसएल-एम या प्रकारात लिमिट नसते, ट्रिगर आला की मिळेल त्या भावाला विक्री होते. पण बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून हा प्रकार बंद केला आहे.

पाळीत काम करणाऱ्याने जीटीटी (गुड टिल ट्रिगर्ड) ऑर्डर वापरावी. काही ब्रोकरकडे तिला फॉरएव्हर ऑर्डर म्हणतात. ही ऑर्डर ब्रोकरकडे पडून राहते, एक्स्चेंजकडे नाही. ट्रिगर आला की ब्रोकर तुमच्या वतीने लिमिट ऑर्डर पाठवतो. रोज टाकावी लागत नाही, फक्त संध्याकाळी आकडा बदलायचा.

आता लिमिट किती खाली ठेवायची? ट्रिगर आणि लिमिट एकच ठेवली तर भाव झपाट्याने खाली जाताना ऑर्डर जागी होते, पण तोवर भाव निघून गेलेला असतो आणि शेअर विकलाच जात नाही. म्हणून लिमिट ट्रिगरपासून अर्धा एटीआर खाली ठेवा. आपल्या शेअरला ट्रिगर ६३२.९०, अर्धा एटीआर ९.५०, लिमिट ६२३.४०. "मग ६२३ ला विकला जाईल की!" ही शंका रास्त आहे, पण तसं होत नाही. विक्रीची लिमिट ऑर्डर समोर असलेल्या सर्वांत चांगल्या खरेदीदाराला आधी जाते. खरेदीदार ६३२.५० ला उभा असेल तर विक्री ६३२.५० ला होते. ६२३.४० ही फक्त शेवटची पायरी.

तरीही सकाळी शेअर थेट ६१२ ला उघडला तर? ऑर्डर ६२३.४० वर लटकून राहते. यावर कोणताही इंडिकेटर उपाय नाही. उपाय माणसाने करायचा: ९ ते ९:०८ च्या प्री-ओपनमध्ये गोळा झालेल्या ऑर्डरींवरून उघडण्याचा भाव ठरतो, तो ९:०८ नंतर अॅपवर दिसतो. बघणं शक्य असेल तर तेव्हाच बघा. पाळी आधीच सुरू झाली असेल तर चहाच्या सुट्टीत ऑर्डरची स्थिती बघा. लटकलेली असेल तर लिमिट चालू भावाच्या खाली आणून विका. "थोडा वर येऊ दे, मग विकतो" असं म्हणत ठेवलेले शेअर वर्षानुवर्षं होल्डिंगमध्ये पडून असतात.

आता डीडीपीआय. ते दिलेलं नसेल तर डीमॅटमधले शेअर विकण्यासाठी टीपिन (डीमॅट विक्रीच्या मंजुरीचा पिन) आणि ओटीपी देऊन मंजुरी द्यावी लागते. तुम्ही मशीनवर उभे आहात, जीटीटी जागी झाली, मंजुरी नाही, ऑर्डर नामंजूर. मोबाइल हातात येईपर्यंत भाव कुठे गेलेला असेल ते सांगता येत नाही. स्टॉप लावूनही तो लागला नाही अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच निघतं.

अजून काही फसण्याच्या जागा:

- रोज नवीन जीटीटी टाकू नका, जुनीच बदला. ४१ शेअरच्या दोन जीटीटी राहिल्या तर दुसरी कधीतरी नको तेव्हा जागी होते.
- शेअर हाताने विकलात तर जीटीटी त्याच मिनिटाला काढून टाका. तीन महिन्यांनी तोच शेअर लांब पल्ल्यासाठी घेतलात तर जुनी जीटीटी तो विकून टाकेल.
- लांब पल्ल्याचे शेअर आणि ट्रेडिंगचे शेअर शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवा. एकाच खात्यात आयकराच्या हिशेबाला आधी घेतलेला शेअर आधी विकला असं धरतात, आणि सगळा गोंधळ होतो.
- अॅपमधली आपोआप सरकणारी ट्रेलिंगची सोय जिथे मिळते तिथे ती बहुधा रुपयांत किंवा टक्क्यांत असते. तिला तुमचा एटीआर माहीत नसतो.

७. एटीआर कुठे फसवतो

सर्किटचे शेअर. एक्स्चेंजने बऱ्याच शेअरना २, ५, १० किंवा २० टक्क्यांची दैनिक मर्यादा घातलेली असते. पाच टक्के मर्यादेच्या शेअरची हालचाल मुळातच कापलेली असते, त्यामुळे एटीआर खोटा शांत दिसतो. लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला, की घ्यायला कुणी उभंच नसतं. स्टॉप जागा होतो आणि ऑर्डर रांगेत पडून राहते. अशा शेअरमध्ये ही पद्धत वापरूच नका. सुरुवातीला निफ्टी ५० किंवा निफ्टी नेक्स्ट ५० मधलेच शेअर घ्या.

बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक लहान शेअर). १:१ बोनसच्या एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर बोनसशिवाय विकला जातो त्या दिवशी, ६९० चा शेअर ३४५ च्या आसपास उघडतो. ६३२.९० चा ट्रिगर तसाच राहिला तर बाजार उघडल्याबरोबर जागा होईल. अनेक ब्रोकर अशा जीटीटी स्वतःहून रद्द करतात, म्हणजे मग तुमच्याकडे स्टॉपच नसतो. चार्ट जुने भाव आपोआप जुळवून घेतो, तुमची वही घेत नाही. सर्वोच्च बंद भाव आणि स्टॉप दोन्ही निम्मे करून, शेअरची संख्या दुप्पट करून, नवीन ऑर्डर टाका.

ठरलेल्या घटना. एटीआर मागचं मोजतो, उद्याचं त्याला ठाऊक नसतं. ३ जून २०२४ ला निफ्टी ३.२५ टक्के वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी, लोकसभेच्या मतमोजणीत, ५.९३ टक्के खाली. आधीच्या एटीआरवर बेतलेले अनेक स्टॉप त्या एका दिवसात तुडवले गेले. कंपनीच्या तिमाही निकालाची तारीख आधी कळते. त्या दिवसाआधी निम्मे शेअर काढा, किंवा एक टक्क्याऐवजी दोन-अडीच टक्के जाऊ शकतात हे मान्य करून बसा. स्टॉप आणखी जवळ आणून निकालाला सामोरं जाणं मात्र निरुपयोगी आहे, कारण उडी मधल्या भावांवर थांबत नाही.

टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवरचे गट, जे "आमचा स्टॉप लॉस सॉफ्टवेअर सांभाळतं, फक्त पैसे भरा" म्हणतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांतच रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.

८. स्टॉप लागल्यावर

त्याच दिवशी तोच शेअर परत घेऊ नका. ज्या कारणाने पहिल्यांदा घेतला होता ते कारण नव्याने चार्टवर दिसलं तरच घ्या, आणि तेव्हा एटीआर, स्टॉप, संख्या सगळं पुन्हा पहिल्यापासून काढा.

प्रत्येक फेरीला खर्च आहे. डिलिव्हरीत खरेदीला आणि विक्रीला ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) लागतो. २६,२४० च्या व्यवहारात दोन्ही बाजू मिळून साधारण ५२ रुपये. त्यावर डीपी शुल्क (डीमॅटमधून शेअर काढण्याचा आकार), ब्रोकरेज आणि इतर आकार. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. जवळचे स्टॉप महागात पडतात ते या लहान लहान रकमांमुळेही.

वहीत आणखी दोन रकाने काढा. पहिला: ट्रिगर आणि प्रत्यक्ष विक्री यातला फरक. तो सारखा मोठा येत असेल तर तुम्ही फार कमी उलाढालीचे शेअर निवडता आहात. दुसरा: स्टॉप लागल्यानंतरच्या दहा दिवसांत शेअर सर्वोच्च बंद भावाच्या वर गेला का, हो किंवा नाही. वीस व्यवहार पूर्ण होईपर्यंत काहीही बदलू नका. वीसांपैकी दहाहून जास्त "हो" आले तर गुणक ३ वरून ३.५ करा. चौथ्या पायरीचा हिशेब तोच राहतो, त्यामुळे ६४० च्या त्या शेअरला अंतर ५६ होईल आणि संख्या ४१ वरून ३५ वर येईल.